लोण्याविना मुरुक्कू

चकली आणि मुरुक्कू ही एकाच पदार्थाची दोन नावे आहेत, असे आपल्याकडील पुष्कळ जण समजतात. सोऱ्या तोच, कढई तीच आणि वेटोळेही तेच. तेव्हा हा समज स्वाभाविक आहे. पण ज्या घरात हे दोन्ही पदार्थ होतात तेथील गृहिणीला तो मान्य होणार नाही. चकलीचा जीव भाजणीत असतो. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरे हे सारे निरनिराळे भाजून एकत्र दळलेल्या पिठाचा डबा उघडताच घरभर वास दरवळतो. मुरुक्कूत असा वासाचा थाट नाही. तेथे राज्य तांदळाचे, सोबतीला थोडा उडीद, आणि बाकीचा सर्व भार हाताच्या अंदाजावर. चकली तांबूस शोभते; तेनकुळल नावाचा गुळगुळीत मुरुक्कू मात्र फिकट राहिला तरच तमिळ गृहिणीचे समाधान होते. चकली खमंग, तर मुरुक्कू हलका. एकीची चव दुसऱ्यात शोधू गेले की दोहोंवरही अन्याय होतो.

माझे माहेर बार्शीचे. धान्य-डाळींची ही जुनी बाजारपेठ. वडिलांचे तेथे डाळीचे दुकान होते, त्यामुळे भाजणीतील प्रत्येक डाळ कोणत्या पोत्यातली हे आईला ठाऊक असे. १९८४ साली विवाह होऊन मी मद्रासला आले. शहराचे नाव चेन्नई झाले ते १९९६ मध्ये. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी शेवटपर्यंत मद्रासच राहिले. सासरची मंडळी मूळची राजस्थानातील, तीन पिढ्या सावकारपेठेत स्थायिक झालेली. वस्तीचे हे नाव ऐकून मला पहिल्याच दिवशी धीर आला होता. सावकार आणि पेठ हे दोन्ही शब्द मी बार्शीहून सोबत आणलेच होते. दुकान गोडाऊन स्ट्रीटवर, कापडाचे ठोक व्यवहाराचे. इचलकरंजी, भिवंडी, सुरत येथून माल येई आणि मालाच्या मागोमाग व्यापारीही येत. गाडीतून उतरलेला पाहुणा पेढीवर आला की दहा मिनिटांत घरून चहा आणि फराळाचा डबा जाई. त्या डब्यात काय असावे, हा आमच्या सासूबाईंच्या दृष्टीने पेढीच्या अब्रूचा प्रश्न होता.

सासूबाईंना आम्ही सर्व 'बाई' म्हणत असू. बाहेरून आलेल्या कोणत्याही खाद्यपदार्थाला त्यांचे तीन प्रश्न असत: केव्हा केले, कशात तळले, आणि आत काय घातले? विकत आणलेला पदार्थ या तीन प्रश्नांपुढे सहसा टिकत नसे. दुकानदाराला पहिल्याचे उत्तर द्यायचे नसते, दुसऱ्याचे ठाऊक नसते, आणि तिसऱ्याचे उत्तर तो आपल्याला हवे तसे देतो. म्हणून डबा घरीच भरायचा. पण बाईंच्या हाताला मारवाडी फराळाची सवय. शेव, मठरी, खस्ता पुरी यांपलीकडे त्या जात नसत. मद्रासमध्ये तीन पिढ्या राहूनही या घराच्या कढईत मुरुक्कू कधी पडला नव्हता. कारण विचारले तर बाई एकच शब्द उच्चारीत: "लोणी."

वाचक भगिनींना याचा उलगडा करण्याची गरज नाही. मध, मद्य, मांस आणि लोणी या चार महाविगई. तूप चालते, लोणी चालत नाही. आणि तमिळ फराळाचा तर लोणी हा प्राण! वाटीभर तांदळाच्या पिठाला चमचाभर ताजे लोणी चोळल्याशिवाय तेथील गृहिणी पिठाला पाणी लावत नाही. दुकानांच्या पाट्यांवर 'बटर मुरुक्कू' हे शब्द अभिमानाने लिहिलेले असतात. कांदा-लसूण दिसतो, वासावरून कळतो. पिठात मुरलेले लोणी दिसत नाही आणि कळतही नाही. त्यामुळे बाईंनी अख्खा प्रांतच वर्ज्य करून टाकला होता.

आमच्या मजल्यावर समोरच्या बिऱ्हाडात एक अय्यर कुटुंब राहत असे. यजमान बंदरातील कचेरीत नोकरीला होते. त्यांच्या पत्नीला सारी इमारत 'मामी' म्हणे. तमिळ ब्राह्मणांत मामी हे वयाने आणि मानाने मोठ्या असलेल्या कोणत्याही स्त्रीचे संबोधन आहे; मला मात्र त्या शब्दाने माहेरचे कोणी जवळ असल्यासारखे वाटे. माझ्या पहिल्याच श्रावणात, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मामींच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाने उमटवलेली बाळकृष्णाची इवली पावले मी पाहिली. संध्याकाळी त्यांची मुलगी पितळेचा डबा घेऊन आमच्याकडे आली. आत मुरुक्कू होते, आणि सुपारीएवढ्या गोल सोनेरी गोळ्या होत्या. ती सीडै. मिठाची एक, गुळाची एक.

बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि ती वळताच डबा दुकानाच्या हमालांसाठी खाली पाठवून दिला. त्यांच्या मनात अवमानाचा लेशही नव्हता. अन्न वाया जाऊ नये, एवढेच त्यांनी पाहिले. पण जिन्यात बसून डबा रिकामा करणारे हमाल मामींच्या मुलीने पाहिले. पुढच्या वर्षी अष्टमीला डबा आला नाही. जिन्यात भेट झाली तर मामी हसत, पण थांबत नसत.

दोन सोवळ्या घरांमध्ये असे होते तेव्हा त्याला तोंड फोडणे फार कठीण असते. मामींचे आचार आमच्याहून कमी नव्हते. फराळ करताना त्या 'मडी'त असत. मडी म्हणजे आपल्याकडील सोवळेच. स्नान करून, ओलेत्याने वाळवलेले वस्त्र नेसून, कोणाला न शिवता त्या स्वयंपाक करीत आणि नैवेद्य दाखवण्यापूर्वी मीठसुद्धा चाखून पाहत नसत. असे शुद्धपणे केलेले अन्न शेजारणीने नाकारले, याचा अर्थ त्यांनी साहजिकच वेगळा घेतला. दुसऱ्या वर्षीच्या त्या श्रावणात एका दुपारी त्यांनी मला गच्चीवर गाठले आणि मोडक्या हिंदीत सरळ विचारले, "आमच्या हातचे तुम्हाला चालत नाही का?"

मी त्यांना हाताला धरून घरी आणले. उत्तर माझ्यापेक्षा बाईंनी देणे योग्य होते, आणि बाईंनी ते दिले. दोघींचे हिंदी दोन निरनिराळ्या दिशांनी मोडलेले. बाई म्हणाल्या, "हातांचा प्रश्न नाही. लोण्याचा आहे." मामींनी ते दोनदा ऐकले. "वेण्णै? केवळ वेण्णै?" असे म्हणून त्या जमिनीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की बाईही हसू लागल्या. मग मामी एकदम गप्प झाल्या. ज्या देवासाठी हा फराळ करायचा त्याला लोणीच सर्वांत प्रिय. अष्टमीच्या सीडैतून लोणी काढायचे तरी कसे? त्यावर तोडगाही त्यांनीच काढला. लोणी वाटीत घालून देवापुढे वेगळे ठेवायचे, आणि सीडै तुपात करायची. "त्याला लोणी मिळाल्याशी कारण," त्या म्हणाल्या, "ते पिठातच हवे असा त्याचा हट्ट नसावा."

त्यापुढील वर्षी सप्तमीच्या सकाळी मामी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. आमची कढई, आमचे तेल, आमचे गाळलेले पाणी. हात आणि विद्या त्यांची. पूर्वी त्या रात्री सर्वांची जेवणे आटोपल्यावर फराळाला बसत. आमच्यासाठी त्यांनी ते सकाळवर आणले, कारण सूर्यास्तापूर्वी कढई उतरलीच पाहिजे, हे बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. त्या दिवशी जे शिकले त्यावर माझी पुढची चाळीस वर्षे निघाली.

पहिली गोष्ट पिठाची. बाजारातील कोरडे तांदळाचे पीठ मामींना अजिबात चालत नसे. तांदूळ धुऊन तास-दोन तास भिजवायचे, निथळायचे, सावलीत स्वच्छ कापडावर पसरायचे आणि हाताला दमट लागतील पण मुठीत चिकटणार नाहीत अशा अवस्थेत दळायचे. मग पीठ हलके परतायचे. बोटांनी रेघ ओढता आली की पुरे. रंग बदलला तर उशीर झाला. हे सारे त्याच दिवशी संपवायचे. भिजलेले तांदूळ रात्रभर ठेवण्याचा प्रश्नच आमच्या घरात नव्हता. त्यामुळेच माझ्या माहेरी अनारसे होत नसत; तीन दिवस भिजणारे तांदूळ आईच्या मनाला पटत नसत. मुरुक्कूला ती अडचण नाही. दिगंबर संप्रदायात पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस मानतात. सकाळी दळून दुपारी तळणाऱ्याला त्याचीही चिंता उरत नाही.

उडदाची डाळ मंद आचेवर गुलाबीसर भाजून, बारीक दळून, वस्त्रगाळ करून घ्यायची. डाळ निवडण्याचे काम बाई स्वतः करीत; ताटात पसरून, उजेडाकडे धरून, एकेक दाणा पाहून. मामींना ते फार आवडले. त्यांच्याकडे निवडणे होते ते खड्यासाठी, आमच्याकडे जिवासाठी. काम मात्र एकच. तेनकुळलला चार वाट्या तांदळाच्या पिठाला एक वाटी उडीद. उडीद कमी पडला तर मुरुक्कू दगडासारखा होतो, आणि अधिक झाला तर लवकर लाल होऊन दुसऱ्या दिवशी नरम पडतो. सीडैला उडीद फारच थोडा लागतो: वाटीभर पिठाला एक मोठा चमचा.

आता लोण्याच्या जागी तूप. येथे मामींचा अनुभव आणि पुढे मी वाचलेले शास्त्र यांचा मेळ बसतो. बाजारच्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून लोण्याच्या मापाने तूप घातले तर ते जास्त होते. मोहन जास्त झालेला मुरुक्कू तेलात पडताच तार सोडतो, विरतो आणि तेल पितो. मामींनी पहिल्याच खेपेला चमचा पाऊण भरला. तूप थिजलेले घ्यायचे, पातळ नव्हे, आणि ते कोरड्या पिठात बोटांच्या टोकांनी इतके चोळायचे की मूठ आवळली तर गोळा टिकेल आणि टिचकी मारली तर फुटेल. रोजच्या डब्यासाठी आम्ही कडकडीत तेलाचे मोहन घालतो. लोण्याचा मुरुक्कू जिभेवर विरघळतो हे खरे. तुपाचा थोडा अधिक कुरकुरीत होतो. मला दुसराच आवडतो. पण पहिला मी चाखलेला नाही, तेव्हा या निकालाला फारसे मोल देऊ नये.

सीडै ही या साऱ्या पदार्थांतील सर्वांत साधी दिसणारी आणि सर्वांत फसवी वस्तू. ती तेलात फुटते. अनारसा हसतो असे आपण म्हणतो. सीडै हसत नाही, बंदुकीसारखी उडते. कढईतील तेल छतापर्यंत गेल्याच्या कथा प्रत्येक तमिळ घरात आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. याचे कारण समजण्यासारखे आहे. गोळी गुळगुळीत आणि घट्ट वळली की तेलात तिचे कवच आधी कडक होते. आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळत नाही. पिठात एखादी कणी किंवा गाठ राहिली तर तेथेही हेच घडते. म्हणून पीठ दोनदा चाळायचे. गोळी तळहातावर दाबून न वळता हलकेच फिरवायची. वर बारीक भेगा राहिल्या तर राहू द्यायच्या, दिसायला सुबक नसली तरी चालेल. गोळ्या कापडावर अर्धा तास वाळवायच्या, प्रत्येकीला सुईने एक टोचा द्यायचा, आणि मध्यम आचेवर थोड्या थोड्या सोडायच्या. मामी तेवढ्यावरही विसंबत नसत. कढईपाशी ताट घेऊन त्या ढालीसारखे धरून उभ्या राहत आणि मुलांना चौकटीबाहेर थांबवीत.

सीडैत तीळ घालण्याची रीत आहे. फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तीळ आमच्या घरात येत नाहीत; मामींनी त्याऐवजी जिरे आणि भरड मिरी घातली. खोबऱ्याचे काप त्यांनी स्वतःच वगळले, कारण खोबऱ्याच्या ओलीने टिकाऊपणा घटतो. हिंग दोन्ही घरांना सारखाच प्रिय निघाला.

त्या पहिल्या घाण्यातील सीडै प्रथम मामींच्या देवापुढे गेली. नंतर मामींनी बाईंच्या हातावर चार गोळ्या ठेवल्या. बाईंनी एक तोंडात टाकली, बराच वेळ चावली, आणि मला मारवाडीत म्हणाल्या, "डबा दे." फराळाचा मोठा डबा. त्यांच्याकडून याहून मोठी पावती मी कधी ऐकली नाही.

हा डबा पुढे आमच्या पर्युषणाचा झाला. श्रावण वद्य अष्टमी आणि श्रावण वद्य द्वादशी यांत अवघे चार दिवसांचे अंतर. पर्युषणात दळण-तळणाचा आरंभ नको, हिरवी भाजी नको. उपवास-आयंबिल करणाऱ्यांचा प्रश्न नसतो, पण मुले, आजारी माणसे आणि बियासणे करणारे यांच्यासाठी सुके काहीतरी हाताशी लागते. चातुर्मासात तळलेल्या पदार्थांची मर्यादा आमच्याकडे १५ दिवसांची. अष्टमीच्या आदल्या दिवशी केलेली सीडै भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणजे संवत्सरीला, साधारण बारा दिवसांची होते. हे गणित बाईंनी बोटांवर मांडून दाखवले तेव्हा मामी थक्क झाल्या. आपल्या कृष्णाने आमच्या पर्युषणाची सोय करून ठेवली, असे त्या पुढे सर्वांना सांगत. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी बाई समोरच्या उंबऱ्यावर जाऊन हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून आल्या. त्या डब्याबद्दलच ते होते, हे मामींना कोणी वेगळे सांगावे लागले नाही.

एकदा दार उघडल्यावर मग बाकीचे पदार्थ येतच राहिले. तट्टै म्हणजे चपटी, थापून केलेली कुरकुरीत पुरी. तिच्यात पोट्टुकडलैचे पीठ पडते. हे अगडबंब नाव ऐकून मी घाबरले होते. पाहते तो आपले पंढरपुरी डाळे! तट्टैत भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि कढीपत्ता असतो. तिथीच्या दिवसांत आम्ही कढीपत्ता टाळतो, डाळ पुरेशी होते. डाळ मात्र भिजवून पंच्यावर कोरडी करून घ्यावी, नाहीतर तीही उडते. रिबन पकोडा सर्वांत सोपा: तांदूळ, बेसन, तिखट, हिंग, सोऱ्याला दातेरी फटीची चकती लावली की झाले. लसणीचा मुरुक्कू दुकानांतून फार खपतो, त्याकडे आम्ही पाहत नाही. ओमपोडी म्हणजे ओव्याच्या पाण्यात भिजवलेली बारीक शेव. बाईंना ती आपल्या शेवेची तमिळ सून वाटे. केळाचे काप केरळात खोबरेल तेलात तळतात, तेही घरी होतात. टॅपिओकाचे अर्थातच नाही, ते कंदमूळ.

कै मुरुक्कू मात्र मला आला नाही आणि बाईंनी प्रयत्नही केला नाही. 'कै' म्हणजे हात. त्याला सोऱ्या नाही. पिठाची तार अंगठा आणि दोन बोटे यांत पिळत पिळत कापडावर वेटोळी घालीत जायचे. पाच, सात, नऊ अशी वेढ्यांची संख्या विषम ठेवतात, आणि लग्नाच्या रुखवतात मोठाल्या वेढ्यांचे मुरुक्कू मांडतात. मुरुक्कू या शब्दाचा अर्थच पीळ. मामींची बोटे चालू लागली की बाई जपमाळ थांबवून पाहत बसत. "एकही तार तुटत नाही," त्या हळूच म्हणत. शिकवा म्हटले तर मामी म्हणत की हे दहाव्या वर्षी शिकायचे असते.

दह्याचा एक प्रसंग सांगायला हरकत नाही. मामी दहीभाताबरोबर तेनकुळल खात. तमिळ घरात हे जोडपे ठरलेलेच. बाईंनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. कच्चे दही आणि उडीद, म्हणजे द्विदल! मामींना त्यांनी पुष्कळ समजावले, आणि मामींनी ते पुष्कळ ऐकून घेऊन पुढचा घास तसाच खाल्ला. ज्याचे त्याचे ताट. आमच्याकडे ताक आधी उकळून घेतात आणि मगच त्याच्याशी डाळीचे काही खातात, हे मामींनी लक्षात ठेवले. पुढे बाईंचे दात गेले. मुरुक्कू चावणे त्यांना जमेना, तेव्हा मामी तेनकुळल खलबत्त्यात कुटून उकळलेल्या ताकात मिसळून आणून देत. हे कोणत्याही तमिळ पाकपुस्तकात सापडणार नाही.

बाईंच्या मनात आणखी एक शंका होती, की या मुलखाचे खाणे मुळात आपले नव्हेच. ती गेली मेलसित्तामूरला. विळुपुरम जिल्ह्यातील हे गाव म्हणजे तमिळ जैनांचे पीठ. हे लोक दिगंबर, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ बोलणारे, बहुतेक शेती करणारे. अनेकांच्या नावापुढे नयनार असते. सूर्यास्तापूर्वी जेवणारी आणि मुरुक्कूही करणारी घरे तेथे आहेत. आम्ही येथे आलो ते कालपरवा, असे त्या परतताना म्हणाल्या, आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

दिवसांच्या मर्यादेबद्दल मात्र मद्रासने आम्हाला कोड्यात टाकले. कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुन चौमासीपर्यंत ३० दिवस, तेथून आषाढ चौमासीपर्यंत २०, आणि चातुर्मासात १५, हा क्रम आपल्याकडच्या ऋतूंना धरून आहे. चेन्नईचा मोठा पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. म्हणजे नियम ३० दिवसांची सवलत देतो नेमका त्या वेळी आकाश फाटलेले असते आणि डब्याचे झाकण उघडताच मुरुक्कू हवा पिऊन मऊ पडतो. बाईंनी यावर वाद घातला नाही. "तीस दिवस ठेवता येतो असे म्हटले आहे, ठेवलाच पाहिजे असे कोठे म्हटले आहे?" एवढे बोलून त्या डिसेंबरपर्यंत पंधराच दिवस मोजत.

माझ्या मुलाने एकदा दुकानातील पाकीट आणून दाखवले होते. त्यावर चार महिन्यांची मुदत छापलेली. आपला पंधरा दिवसांत संपवायचा आणि त्यांचा चार महिने कसा, असे त्याने विचारले. पाकिटात हवा वेगळी भरतात, तेल वेगळे असते, हे सारे खरे. त्या धंद्यालाही मी नावे ठेवत नाही. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील मणप्पारै गावच्या दोनदा तळलेल्या मुरुक्कूला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या गावच्या कारागिरांचे श्रेय आहे. आमच्या मिंट स्ट्रीटवर तर दोन मुरुक्कूंमध्ये काकडी-टोमॅटो आणि चटणी भरून सँडविच विकतात, आणि नातवंडे त्यावर लुब्ध आहेत. जैन पद्धतीचे मागितले की मिळते. पण ज्या डब्यावर करणाऱ्याच्या हातची तिथी लिहिलेली असते त्याची गोष्ट निराळी. परगावचा व्यापारी पेढीवर "केव्हाचे?" असे विचारतो, तेव्हा उत्तर द्यायला आम्हाला पाकीट उलटे करावे लागत नाही.

बाई जाऊन आता बारा वर्षे झाली. सून सनदी लेखापाल आहे. तिने माझ्या वाट्या-चमचे बाजूला सारून तराजू आणला आणि प्रत्येक कृती ग्रॅममध्ये उतरवली. माझा अंदाज आणि तिचा काटा यांत पाच ग्रॅमपेक्षा अधिक फरक पडत नाही, हे पाहून आम्ही दोघीही मनातून सुखावलो. फरक पडतो तो पाण्यात. तांदूळ जुना की नवा यावर पाणी ठरते, आणि तेवढे मात्र ती अजून मला हाक मारून विचारते. गोळा थोडा थोडाच भिजवावा, हेही तिला आता कळले आहे. एकदम भिजवला तर शेवटचा घाणा लाल येतो आणि तारा तुटतात.

मामी यजमानांच्या निवृत्तीनंतर मुलाकडे कोइम्बतूरला गेल्या. जाताना आपला पितळी सोऱ्या मला देऊन गेल्या, तीन गोल छिद्रांच्या तेनकुळलच्या चकतीसह. आता त्यांना नव्वदावे चालू आहे. अष्टमीच्या संध्याकाळी त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वेडिच्चुदा?" फुटली का?

गेल्या वर्षी मी सांगितले, एकही नाही.

"मग आच मंद ठेवली असशील," त्या म्हणाल्या. "आतून कच्ची नाही ना राहिली? एक फोडून बघ."

मी फोडून पाहिली. शिजली होती.